एकाच रस्त्याच्या दोन कॅसेट: वरळीच्या बीडीडी चाळींमधून चालताना

आजच्या भागात पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात बोलायला बोलावलं होतं, त्याचंच हे शब्दांकन. बोलताना जसं आलं, तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. मी इतिहासकार नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. पण जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. बारावीपर्यंत अभ्यास पॅसेजमधल्या दिव्याखाली केला, कारण खोलीत आठ माणसं आणि एक टीव्ही. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते थोडं वाचलेलं, थोडं बघितलेलं आणि बरचसं पायाखालून गेलेलं आहे.

आधी थोडक्यात या चाळी म्हणजे काय ते सांगतो. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईत घरांची भयंकर टंचाई होती. गिरण्या जोरात, माणसं गावाकडून येतायत आणि राहायला जागा नाही. गव्हर्नर होते जॉर्ज लॉइड. त्यांच्या काळात, १९२० मध्ये, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ हे खातं निघालं. त्याची आद्याक्षरं म्हणजे बीडीडी. आमच्याकडे लहान मुलांना विचारलं तर कुणी सांगतं, ‘बीडीडी हे एका साहेबाचं नाव होतं’. तसं काही नाही, ते खातं होतं. याच खात्याकडे बॅकबेच्या समुद्रात भराव घालायचं कामही होतं, त्यात पैसा कसा बुडाला यावर वीर नरिमन यांनी रान उठवलं, तो वेगळा विषय.

ठरलं होतं ५०,००० खोल्या बांधायचं. पैसे उभे करायला कर्ज काढलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे १ रुपया कर लावला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका चाळीत ८०. खोली १६० चौरस फूट. संडास सामायिक.

आणि एक गोष्ट, जी सिनेमातली चाळ बघणाऱ्यांना माहीत नसते. सिनेमातल्या चाळीला बाहेरून लाकडी कठड्याची गॅलरी असते, मध्ये चौक असतो, नायिका वर आणि नायक खाली. बीडीडी तशी नाही. ती सिमेंट काँक्रीटची. मधून पॅसेज जातो आणि दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं. म्हणजे तुमच्या दारासमोर आकाश नसतं, दुसऱ्याचं दार असतं. भर दुपारीही पॅसेजमध्ये दिवा लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सुरुवातीला या चाळी भरेनातच. वरळी तेव्हा लांब, भाडं परवडत नव्हतं, काँक्रीटच्या त्या खोल्या लोकांना आवडल्या नाहीत. रिकाम्या चाळींचं करायचं काय? १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग केला. सत्याग्रहींना तिथे डांबलं. ज्या खोलीत कैदी होते, तिथेच नंतर आमच्यासारख्यांचे पाळणे हलले.

आता मूळ विषयाकडे येतो.

पुनर्विकास सुरू झाला. म्हाडा करतेय. २०१७ मध्ये जांबोरी मैदानात भूमिपूजन झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचं घर. आमचा नंबर अजून यायचाय. आम्ही खोली रिकामी करून सध्या भाड्याने राहतो आणि आई दर रविवारी जाऊन टॉवरचे किती मजले झाले ते मोजून येते.

खोली रिकामी करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक व्हीएचएस कॅसेट सापडली. वर बॉलपेनने लिहिलेलं ‘गणपती ९१’. बाबा म्हणाले, “टाक, व्हीसीआर आहे कुठे आता?” मी टाकली नाही.

हे काम कुणाला करायचं असेल तर दोन मिनिटं तांत्रिक बोलतो. सापडलेली कॅसेट लगेच मशीनमध्ये घालू नका. खिडकीतून आतली टेप बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. मुंबईच्या दमट हवेत हमखास लागते. अशी टेप चालवली तर ती फाटू शकते, वर मशीनचं हेडही खराब होतं आणि पुढच्या कॅसेटला तीच बुरशी लागते. अशी कॅसेट जाणत्या माणसाकडून आधी साफ करून घ्या. टेप चांगली असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. मग व्हीसीआर, कॅप्चर कार्ड, कॉम्प्युटर. पहिली कॉपी शक्य तितकी मोठी, कमीत कमी दाबलेली ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची छोटी फाइल नंतर बनवा. आणि फाइल तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. ट्रंकेने कॅसेट तीस वर्षं सांभाळली, आपली हार्ड डिस्क तेवढी टिकेल याची खात्री नाही.

कॅसेट लागली. ढोलताशा, गुलाल आणि बाबा. बारीक, मिशी नुकतीच फुटलेली. माझ्यापेक्षा लहान. मी पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो.

हे मी माझ्या मित्राला सांगितलं. तोही बीडीडीतलाच, पण पलीकडच्या चाळींमधला, बौद्ध कुटुंबातला. आम्ही एकत्र क्लासला होतो. तो म्हणाला, “आमच्याकडे पण आहे. १४ एप्रिल, ९१.” म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची जयंती. त्याने आणून दिली. दोन्ही कॅसेटवर नाक्यावरच्या एकाच स्टुडिओचा शिक्का होता. एकच वर्ष, एकच शूटिंगवाला, एकच रस्ता.

आम्ही ठरवलं, यातल्या जागा शोधायच्या. रविवारी सकाळी सातला निघायचं, टॅबलेटवर एकेक दृश्य थांबवायचं आणि ते जिथून टिपलंय तिथेच उभं राहायचं. खांब, खिडकीचा कोपरा, जिन्याचं तोंड बघून जागा लागते. एकदा जागा लागली की मजा येते. टॅबलेटमध्ये ९१ ची गर्दी आणि टॅबलेट खाली केला की समोर पत्र्याचं कुंपण आणि क्रेन. दोन-तीन रविवारनंतर शेजारपाजारचे यायला लागले. मग काका, मावश्या, कॉलेजची मुलं. दहा-बारा जणांचा फेरफटकाच झाला.

त्याच सुमारास मी जुन्या फिल्म्स बघायला लागलो. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या, सिनेमाआधी थिएटरात दाखवायचे त्या. चार्ल्स कोरिया यांनी १९७५ मध्ये केलेली ‘सिटी ऑन द वॉटर’ बघितली. मुंबई तुंबलीय, म्हणून खाडीपलीकडे नवं शहर हवं, असं सांगणारी. आनंद पटवर्धनांची ‘हमारा शहर’ बघितली, १९८५ ची, फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांची घरं तोडतात त्याबद्दल. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांची ‘साचा’ बघितली, २००१ ची. त्यात नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्यासोबत गिरण्यांचं शहर दिसतं, आणि ते बंद पडत चाललेलं.

या सगळ्या फिल्म्स आपापल्या जागी मोठ्या आहेत. पण मला माझी चाळ त्यांत सापडत नव्हती. सरकारी फिल्ममध्ये कामगारवस्ती हा एक प्रश्न असतो. कॅमेरा वरून किंवा लांबून बघतो, गर्दी दाखवतो आणि उत्तराकडे निघून जातो. आमच्या कॅसेटमध्ये उलटं. तिथे चाळ म्हणजे सण. शूटिंगवाला पैसे घेऊन आलाय, तो नाचणारेच टिपणार. दोन्हींमध्ये रोजचा दिवस नाही. पाण्याची रांग नाही, पॅसेजमधला अंधार नाही, रात्री अकराला संडासला जायचं म्हणून कुणालातरी सोबतीला उठवणारी बाई नाही.

ते चालताना कळतं. एका फेरीला एक मावशी आमच्यासोबत जिना चढल्या आणि दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. म्हणाल्या, “इथं माझं पोट पुढे आलेलं असताना दोन कळश्या घेऊन मी बसायचे. या पायरीवर. दर दिवशी.” मी हजार वेळा ती पायरी ओलांडली असेन. कुठल्याच फिल्ममध्ये ती पायरी नाही. त्यानंतर आम्ही फेरीचा नियमच केला, की दृश्य दाखवल्यावर विचारायचं, ‘यात काय दिसत नाहीये?’

आणि या प्रश्नाने मला अडचणीत आणलं.

झालं असं. सवयीने मी दोन्ही कॅसेटमधल्या ओळखलेल्या जागा नकाशावर टाकल्या. गणपतीच्या मिरवणुकीचे ठिपके लाल, जयंतीच्या मिरवणुकीचे निळे. साधारण चाळीसेक ठिपके झाले. बघतो तर लाल आणि निळे कुठेच मिसळत नाहीत. एकच कोपरा असा, की तिथे लाल रेघ येऊन वळते आणि निळी रेघही येऊन वळते. दोन मिरवणुका, दोन्ही वाजतगाजत, आणि दोघींचाही कॅमेरा त्याच कोपऱ्यावरून मागे फिरतो.

मला आधी वाटलं, माझ्या डेटामध्ये चूक आहे. मित्राला दाखवलं. तो हसला. म्हणाला, “तुला हे आत्ता कळलं?”

मी आजीला विचारलं. आजी आता चौऱ्याऐंशीची. मी टॅबलेट दाखवला आणि म्हणालो, “आजी, आपली मिरवणूक या कोपऱ्यावरून सरळ का जात नव्हती?” ती म्हणाली, “चौऱ्याहत्तरनंतर नाय जायची.”

१९७४ चं थोडं सांगायला हवं. दलित पँथर १९७२ मध्ये मुंबईत सुरू झाली होती. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती आणि पँथरने तिच्यावर बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडीत पँथरची सभा झाली, तिच्यावर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि दंगल पेटली. १० तारखेला निघालेल्या मोर्चावर वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. वरळीतली धुमस त्यानंतरही बरेच दिवस चालू राहिली. पुढे न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला. हे सगळं पुस्तकांत आहे. मी वाचलंही होतं. पण वाचताना मला ते ‘वरळीत झालं’ असं वाटायचं. आमच्या जिन्यात झालं असं नाही.

आजी म्हणाली, “आम्ही बाया दारं लावून बसलो. पोरांना खाटेखाली घातलं. वरून दगड जात होते, खालून येत होते.” मी विचारलं, “वरून म्हणजे? गच्चीवर कोण होतं?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सगळेच व्हते. तुझे आजोबा बी व्हते.”

“काय करत होते?”

“मी खाली व्हते. मला काय दिसतंय.”

बस. त्यापुढे ती बोलली नाही. आजोबा मी लहान असताना गेले. मला ते आठवतात ते गिरणीचा भोंगा बंद झाल्यावरही पहाटे साडेपाचला उठून तयार होणारे. ८२ च्या संपानंतर त्यांना परत काम मिळालं नाही. आमच्या घरात आजोबा म्हणजे सोसलेला माणूस. त्या माणसाला मला गच्चीवर, हातात काही घेतलेला किंवा न घेतलेला, बघायचं नव्हतं. पण तो आता तिथे होता आणि कोणतीच फिल्म मला सांगणार नव्हती की तो तिथे काय करत होता.

दोन आठवडे मी फेरी काढली नाही. ऑफिसमध्ये रिलीज आहे म्हणून सांगितलं. खरं तर मला मित्राला तोंड दाखवायचं नव्हतं. त्याच्या मोठ्या चुलत्यांच्या कपाळावर खोक आहे. ती कसली, हे मी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

शेवटी त्याला नाक्यावर चहाला बोलावलं आणि सांगून टाकलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “बरं. मग आता काय, माफी मागणारेस?” मी म्हणालो, “माहीत नाही.” तो म्हणाला, “मला नको. माझ्या काकांना विचार, त्यांना हवी असेल तर. पण एक कर. त्या कोपऱ्यावर तू दरवेळी पोरांना सांगतोस ना, की इथे मिरवणूक वळायची? ते का वळायची, तेपण सांग. आणि मी नसताना सांग. मी असलो की लोक मग माझ्याकडे बघतात.”

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तेच होत होतं. कोपऱ्यावर आलो की मी थोडं अडखळायचो, तो दोन वाक्यं बोलायचा आणि आम्ही पुढे जायचो. चाळीचा इतिहास सगळ्यांचा आणि त्यातला हा तुकडा मात्र त्याचा एकट्याचा, असं आम्ही न बोलता वाटून घेतलं होतं.

आता मी सांगतो. त्या कोपऱ्यावर आधी लाल कॅसेट लावतो, मग निळी. मग टॅबलेट बंद करतो आणि ७४ चं सांगतो, आजोबांसकट. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमच्याच मजल्यावरचे एक काका चिडले. “कशाला उकरतोस? सोन्यासारखी माणसं होती. आता घरं मिळतायत, सगळे एका लिफ्टने जाणार.” मी वाद घातला नाही. ते पुढच्या फेरीला आले नाहीत. त्यांच्या पुढच्या फेरीला मात्र आले, आणि कोपऱ्यावर स्वतःच म्हणाले, “मी तेव्हा चौदा वर्षांचा. दगड मी पण गोळा केले होते.” एवढंच बोलले आणि चहा प्यायला निघून गेले.

मला कुणी विचारतं, ‘मग तुझं म्हणणं काय, चाळी पाडू नयेत?’ नाही हो. ज्यांनी १६० फुटांत आठ माणसं आणि सामायिक संडास काढलाय त्यांना ‘वारसा जपा’ सांगायची माझी हिंमत नाही. ज्या मावशी पायरीवर बसायच्या त्यांना लिफ्ट मिळालीच पाहिजे. माझ्या आईने मोजलेला प्रत्येक मजला मला हवाय. पण चाळ पडली की तो कोपराही जाणार. टॉवरच्या आवारात कोपरा कुठे होता हे कुणाला दाखवता येणार नाही. लोक एका लिफ्टने जातील ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त ‘आम्ही कायमच असे एकत्र होतो’ असं कुणी लिफ्टमध्ये म्हणालं, तर दुसऱ्या माणसाने गप्प उभं राहायचं का, हा प्रश्न आहे.

म्हणून सध्या आम्ही एवढंच करतोय. जेवढ्या चाळी उभ्या आहेत तेवढ्यात फेऱ्या काढतोय. प्रत्येक जागेचा अक्षांश-रेखांश नोंदवतोय, म्हणजे इमारत गेली तरी जागा सापडेल. त्या जागेवर उभं राहून बोललेलं रेकॉर्ड करतोय, बोलणाऱ्याला विचारून. कुणी नंतर ‘काढून टाक’ म्हणालं तर काढतोय, एका ताईंनी म्हटलंही होतं आणि काढलं.

तुमच्याही घरी माळ्यावर एखादी कॅसेट असेल. लग्नाची, सत्यनारायणाची, जयंतीची. ती टाकू नका. पण नुसती घरी बसूनही बघू नका. फाइल फोनमध्ये घ्या, जिथे शूटिंग झालं तिथे जा, सोबत एक म्हातारं माणूस न्या. आणि शक्य असेल तर रस्त्याच्या पलीकडच्या घरातली कॅसेटही मागा.

मित्राच्या काकांना मी अजून भेटलेलो नाही. या रविवारी ते फेरीला येणार आहेत, असं तो म्हणालाय. आजीलाही यायचंय. जिना चढवणार नाही म्हणते, कोपऱ्यापर्यंत येते.